रात्रपाळीचा कारकून

दिवाळीच्या सायंकाळी सुरतेच्या रिंग रोडवरील कापडबाजारात फेरफटका मारला, तर एरव्हीचा कोलाहल मावळलेला आणि पेढीपेढीतून उदबत्तीचा सुगंध दरवळत असलेला आढळतो. चोपडापूजनाची ती वेळ. लाल बांधणीच्या कोऱ्या वह्या पाटावर मांडलेल्या असतात, पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक असते आणि त्याखाली 'शुभ' व 'लाभ' हे दोन शब्द. अलीकडे त्या वह्यांच्या शेजारी संगणकही मांडलेला दिसतो व त्यालाही हळदकुंकवाची बोटे लागतात. दसऱ्याला घरातील विळी-कातरीसुद्धा पुजणाऱ्या आपणां मराठी माणसांना त्याचे नवल वाटण्याचे कारण नाही. पूजा आटोपते, प्रसाद वाटला जातो आणि पेढीला कुलूप लागते, ते बहुधा लाभपंचमीच्या मुहूर्तावरच निघते.

माणसे आपापल्या गावी जातात. परंतु हल्ली अनेक पेढ्यांत त्या कुलपाआड एक कारकून मागे राहतो. त्याला दिवाळी नाही, भाऊबीज नाही आणि पगारवाढीची अपेक्षाही नाही. नेमून दिलेल्या घटकेला तो उठतो, नेमून दिलेले काम करतो आणि पुन्हा निजतो. त्याच्या कामसूपणाची वाखाणणी पुष्कळांनी केली आहे. मला मात्र आज वाचकांपुढे एक वेगळाच प्रश्न ठेवावयाचा आहे. या कारकुनावर देखरेख कोणी करावी आणि कशी? हा प्रश्न मला एखाद्या ग्रंथातून सुचलेला नाही. तो माझ्या भाचीच्या डोळ्यांतील पाण्याने सुचविला.

हा कारकून कोण?

'रोबोटिक प्रोसेस ऑटोमेशन' असे या विद्येचे भारदस्त नाव आहे. 'रोबो' म्हटले की पोलादी हातपायांचा यंत्रमानव डोळ्यांपुढे उभा राहतो, परंतु येथे तसे काही नाही. हा कारकून म्हणजे संगणकाच्या पोटात वसणारी एक आज्ञावली आहे. व्यवहारात त्याला 'बॉट' म्हणतात. हाडामांसाचा कारकून पडद्यापुढे बसून जे करतो, तेच हा करतो. आलेली ई-पत्रे उघडतो, त्यांना जोडलेली बिले पाहतो, बिलाचा क्रमांक, तारीख व रक्कम टिपतो, ती हिशेबाच्या तक्त्यात भरतो आणि अखेरीस बँकेला पाठवावयाची यादी तयार करतो. फरक एवढाच, की तो कंटाळत नाही आणि विचारही करीत नाही.

सुरतेच्या वाचकांसाठी याहून जवळचा दाखला जॅकार्डच्या मागाचा आहे. छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची एक माळ त्या मागावर फिरत असते आणि कोणता उभा धागा उचलावयाचा हे ती छिद्रे ठरवितात. मागाला फुलाचे सौंदर्य कळत नाही. त्याला फक्त छिद्र कळते. म्हणूनच पुठ्ठ्यावर एक छिद्र चुकीचे पडले, की तीच चूक प्रत्येक फुलात, प्रत्येक साडीत, न चुकता उमटत राहते. माणसाची चूक एखाद्या वेळची असते. यंत्राची चूक मात्र शिस्तबद्ध असते.

या आज्ञावल्या तयार करणाऱ्या प्रमुख कंपन्या तशा अलीकडच्याच आहेत. इंग्लंडमधील ब्लू प्रिझम २००१ मधील, कॅलिफोर्नियातील ऑटोमेशन एनीव्हेअर २००३ मधील, तर यूआयपाथचा जन्म २००५ मध्ये रुमानियाच्या बुखारेस्ट शहरी झाला. यांपैकी ऑटोमेशन एनीव्हेअरचे एक कार्यालय आपल्या वडोदऱ्यातच आहे. या सर्वांच्या रचनेत एक गोष्ट समान आढळते. बॉट कितीही असोत, त्यांच्यावर एक नियंत्रण-कक्ष असतो. कोणी, केव्हा व कोणत्या संगणकावर काम करावे हे तेथून ठरते, काय केले याची नोंद तेथे होते आणि बिघडले काय हेही तेथेच कळते. वेळ नेमणे, पडताळा ठेवणे व निगा राखणे, ही देखरेखीची तीन अंगे होत. बॉट बनविणाऱ्याचे कौतुक होते. ही तीन कामे करणाऱ्याचे नाव सहसा कोणी घेत नाही.

लाभपंचमीची सकाळ

माझी भाची येथील एका कापडाच्या पेढीत हिशेबखात्यात आहे. पेढीचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. तेथे दर शनिवारी रात्री बॉट मंजूर झालेली बिले वाचतो आणि यंत्रमागधारक व रंगाई-छपाईचे कारखानदार यांना द्यावयाच्या रकमांची यादी बँकेसाठी तयार करतो. सकाळी शेठजी ती पाहून आपल्या मोबाइलवरून संमती देतात. बॉट बसविला तेव्हा त्याला स्वतंत्र नाव देण्याची तसदी कोणी घेतली नाही. भाचीचे नाव व तिचा पासवर्ड, हेच त्याच्या हाती देण्यात आले. काम तिचेच होते, तेव्हा नावही तिचेच असेना, असा तो साधा विचार.

त्या वर्षी दिवाळीच्या सुटीत पेढीची वीज बंद ठेवली होती, म्हणून शनिवारचे काम राहून गेले. भाची भाऊबीजेसाठी जळगावला आली होती व लाभपंचमीच्या दुसऱ्या दिवशी परतणार होती. मुहूर्तावर पेढी उघडली, संगणक सुरू झाला. 'राहून गेलेले काम संधी मिळताच करावे' अशी एक खूण वेळापत्रकात कधीकाळी करून ठेवलेली होती. त्या खुणेनुसार बॉट कोणास न सांगता कामाला लागला. इकडे नव्याने आलेल्या एका साहाय्यकाला शनिवारची यादी दिसली नाही, म्हणून त्याने सद्हेतूनेच तेच काम हाताने सुरू केले. बिलावर 'चुकते' असा शिक्का बसतो तो बँकेचे उत्तर आल्यावर. तोपर्यंत तीच बिले दोन्ही वेळा 'देणे बाकी' म्हणूनच वाचली गेली. दोन याद्या तयार झाल्या. पेढे, हार आणि पाहुण्यांच्या गर्दीत शेठजींनी दोन्हींना संमती दिली.

भाची कामावर आली ती आरोपीच्या पिंजऱ्यातच. दोन्ही याद्यांवर तिचे नाव होते. तिने आपला पासवर्ड कोणास दिला, कोणाशी तिचे संगनमत आहे, असे प्रश्न आडून आडून विचारले जाऊ लागले. त्या रात्री ती आमच्याकडे आली. तिच्या तोंडचे एक वाक्य माझ्या मनातून गेलेले नाही. ती म्हणाली, "मामा, नाव माझं आहे, पण हात माझा नाही."

तिसऱ्या दिवशी संगणकाची देखभाल करणाऱ्या माणसाने नियंत्रण-कक्षातील नोंदी उघडल्या. पहिल्या यादीसमोर 'वेळापत्रकानुसार' अशी नोंद होती व दुसरीसमोर 'हाताने सुरू केले' अशी. कोणत्या संगणकावरून, किती वाजून किती मिनिटांनी, हे सारे तेथे होते. भाची त्या वेळी सुरतेत नव्हतीच. बहुतेक व्यापाऱ्यांनी जादा आलेली रक्कम परत केली वा पुढच्या बिलांत वळती करून घेतली. सुरतेच्या बाजारातील शब्दाची किंमत अद्याप शाबूत आहे, याचा तो प्रत्यय होता. पैसे परत आले. तीन रात्रींची झोप मात्र कोणी परत केली नाही.

घटिका आणि मुहूर्त

या एका प्रसंगात देखरेखीची तिन्ही अंगे दुखावलेली दिसतात. प्रथम वेळापत्रकाचे पाहू. 'दर शनिवारी रात्री दहाला' एवढे सांगणे म्हणजे वेळापत्रक नव्हे. शनिवारी सुटी असेल तर? वीज गेली तर? आधीचे काम लांबले आणि नव्याची घटका भरली तर? राहून गेलेले काम मागाहून करावे की सोडून द्यावे? कोणते काम दोनदा झाले तरी चालते आणि कोणते कदापि होता कामा नये? शिल्लक मोजण्याचे काम दहादा केले तरी बिघडत नाही. पैसे देण्याचे काम दोनदा झाले तर अनर्थ होतो. पहिल्यास राहून गेल्यास आपोआप करण्याची मुभा असावी, दुसऱ्याने मात्र माणसाला विचारल्यावाचून पाऊल उचलू नये.

आपल्या पंचांगात तिथीची वृद्धी व क्षय असतो, तसे काहीसे संगणकाच्या घड्याळातही घडते. अनेक मोठे संगणक जागतिक प्रमाणवेळ पाळतात. ती आपल्यापेक्षा ५ तास ३० मिनिटांनी मागे. पहिल्या तारखेला पहाटे दोन वाजता केलेल्या कामाची नोंद तेथे आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी होते. अमेरिकेतील घड्याळे मार्चमध्ये एक तास पुढे व नोव्हेंबरमध्ये एक तास मागे करतात. तेथील गिऱ्हाइकांसाठी नेमलेली कामे वर्षातून दोनदा सरकतात. मासिक विवरणे भरणाऱ्या व्यापाऱ्याला विक्रीचा तपशील ११ तारखेपर्यंत व कराचे विवरण २० तारखेपर्यंत द्यावे लागते. त्या दिवसांत सरकारी संकेतस्थळावर गर्दी उसळते. तेव्हा शहाणा नियोजक अखेरच्या रात्रीची वाट पाहत नाही; तो दोन दिवसांचे अंतर राखतो.

मुजुमदाराची आठवण

दुसरे अंग पडताळ्याचे. येथे मला आपल्याच इतिहासाची आठवण होते. पेशवाईत मामलेदाराच्या कचेरीत दिवाण, मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस, पोतदार, सभासद व चिटणीस असे आठ दरकदार असत. रोजच्या नोंदी फडणिसाकडे, हिशेबाची तपासणी मुजुमदाराकडे, रोकड पोतनिसाकडे, नाण्यांची पारख पोतदाराकडे. यातील मर्म असे, की मामलेदार या दरकदारांना आपल्या मर्जीने दूर करू शकत नसे. जो खर्च करतो त्याच्या हाती तपासणी नसावी, आणि जो तपासतो त्याची भाकरी खर्च करणाऱ्याच्या हाती नसावी. आज ज्याला अधिकारांची विभागणी म्हणतात, ती आपल्या पूर्वजांना ठाऊक होती.

बॉटच्या बाबतीत याचा अर्थ सरळ आहे. ज्याने बॉट रचला, त्यानेच तो कामावर रुजू करू नये. बॉटला स्वतःचे नाव असावे. त्याचा पासवर्ड कोणा माणसाच्या ध्यानात वा चिठोऱ्यावर नसून कुलूपबंद तिजोरीसारख्या स्वतंत्र जागी असावा. प्रत्येक बिलावर, यादीत घेतले जाताक्षणी, खूण व्हावी, म्हणजे दुसरा हात त्याला लागणार नाही. आणि नोंदवही अशी असावी, की तिच्यात भर घालता यावी, पण खाडाखोड करता येऊ नये. हे शेवटचे तत्त्व आता कायद्यानेही मान्य केले आहे. १ एप्रिल २०२३ पासून आपल्या देशातील कंपन्यांच्या हिशेबाच्या आज्ञावलीत प्रत्येक फेरफाराची तारीखवार नोंद राहणे आणि ती नोंद बंद करता न येणे बंधनकारक झाले आहे. हिशेबतपासनीसाला आपल्या अहवालात त्याविषयी लिहावे लागते.

पडताळ्याची ही कळकळ पैशापुरती आहे असे कोणी समजू नये. इंग्लंडच्या टपालखात्यात १९९९ पासून 'होरायझन' नावाची संगणकप्रणाली आली. गावोगावची छोटी टपालघरे चालविणाऱ्यांच्या हिशेबात ती नसलेली तूट दाखवू लागली. यंत्र म्हणते ते खरे, असे मानून १९९९ ते २०१५ या काळात ९००हून अधिक माणसांना दोषी ठरविण्यात आले. कोणी तुरुंगात गेले, कोणाचे घरदार विकले गेले. त्यांत तेथे स्थायिक झालेल्या भारतीय वंशाची माणसेही होती. त्यांच्या नकळत दुरून त्यांच्या हिशेबात हात घालणे शक्य होते, ही गोष्ट पुष्कळ काळ मान्यच करण्यात आली नव्हती. डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने प्रणालीतील दोषांवर शिक्कामोर्तब केले आणि अखेर २०२४ मध्ये संसदेला स्वतंत्र कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. माझ्या भाचीचे तीन दिवस आणि त्या माणसांची वीस वर्षे, यांत अंतर पुष्कळ आहे. परंतु जात एकच आहे. प्रामाणिक माणसाला चांगली नोंदवही जाचत नाही, ती त्याची साक्षीदार असते.

रोजची फेरी

तिसरे अंग निगा राखण्याचे, आणि तेच सर्वांत दुर्लक्षिलेले. बॉट गंजत नाही, झिजत नाही, मग त्याला डागडुजी कशाची, असे वाटणे साहजिक आहे. परंतु तो स्वतः न बदलला तरी त्याच्या भोवतीचे जग बदलते. संकेतस्थळावरील एक बटण डावीकडून उजवीकडे जाते आणि आंधळ्याच्या वाटेवर कोणी पाट ठेवावा तसा तो अडखळतो. पासवर्डाची मुदत संपते. कराचा नमुना बदलतो. नोंदींनी साठवणीची जागा भरून जाते. म्हणून जुन्या नोंदी वेळीच दुसरीकडे सुरक्षित हलवाव्या लागतात, त्यांच्या प्रती ठेवाव्या लागतात, आणि त्या प्रतींतून सारे पुन्हा उभे करता येते की नाही याची मधूनमधून परीक्षाही घ्यावी लागते. आणि जे बॉट निरुपयोगी झाले त्यांना रीतसर निवृत्त करावे लागते.

न केलेल्या निवृत्तीची किंमत अमेरिकेच्या न्यू जर्सीतील नाइट कॅपिटल या शेअर-व्यवहारांच्या संस्थेने १ ऑगस्ट २०१२ रोजी मोजली. २००३ पासून वापरात नसलेली एक जुनी आज्ञावली तिच्या संगणकांत तशीच पडून होती. नवी आज्ञावली बसविताना आठांपैकी एक संगणक राहून गेला आणि त्यावर ते जुने भूत जागे झाले. सुमारे ४५ मिनिटांत ४० लाखांहून अधिक व्यवहार झाले आणि संस्थेला ४६ कोटी डॉलरहून अधिक फटका बसला. याहून बोलकी गोष्ट पुढेच आहे. बाजार उघडण्यापूर्वी त्या प्रणालीने आपण होऊन ९७ ई-पत्रे धाडून बिघाडाची चाहूल दिली होती. ती वाचून पाऊल उचलणारे कोणी नव्हते.

सुरतकरांना हा धडा निराळ्या वाटेने मिळालेला आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये येथे प्लेगची साथ आली आणि लक्षावधी माणसे शहर सोडून गेली, हे त्या दिवसांतून गेलेले कोण विसरेल? मे १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिकेचे आयुक्त म्हणून आले. त्यांनी कोणती जादू केली? शहराच्या सहा विभागांना अधिकार व जबाबदारी वाटून दिली, वातानुकूलित खोल्यांतील अधिकाऱ्यांना रोज सकाळी रस्त्यावर फेरीला लावले आणि हमरस्त्यांची सफाई रात्रीच्या घटकेला नेमून दिली. काम केव्हा, झाले की नाही हे कोण पाहणार आणि बिघडले तर कोण सावरणार, या तीनच प्रश्नांची उत्तरे त्यांनी रोज मागितली. झाडू नवे नव्हते. फेरी नवी होती. दोन वर्षे होण्याच्या आत देशातील स्वच्छ शहरांत सुरतेचे नाव घेतले जाऊ लागले. शहर असो वा संगणक, ते एकदा नीट करून भागत नाही, रोज नीट ठेवावे लागते.

आपल्या घरचा कारकून

हे सारे पेढ्यांचे आणि कंपन्यांचे. आमच्या घराशी त्याचा काय संबंध, असे एखादी गृहिणी विचारील. संबंध आहे. घराचा हप्ता, विम्याचा हप्ता, विजेचे बिल, मुलांच्या शिकवणीची फी, यांतील कित्येक रकमा हल्ली आपोआप खात्यातून जातात. म्हणजे रात्रपाळीचा कारकून आपल्याही घरी रुजू झालेला आहेच. त्यालाही तीच तीन पथ्ये लागू पडतात. हप्त्याची तारीख पगाराच्या तारखेनंतर दोन-चार दिवसांची असावी. महिन्यातून एकदा खात्याचा उतारा घेऊन प्रत्येक रकमेपुढे पेन्सिलीने खूण करावी. ज्या वर्गणीचा उपयोग राहिलेला नाही, ती रीतसर बंद करावी. घरातील कर्ता माणूस गेल्यावरही त्याच्या खात्यातून वर्षभर जात राहिलेल्या रकमा मी स्वतः पाहिलेल्या आहेत.

कार्डावरून ठरावीक काळाने आपोआप जाणाऱ्या रकमेची सूचना ग्राहकाला किमान २४ तास आधी मिळाली पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून अमलात आला. ती सूचना मोबाइलवर येते आणि आपण ती न उघडताच पुसून टाकतो. नाइट कॅपिटलच्या त्या ९७ पत्रांना हसण्यापूर्वी आपण आपला मोबाइल उघडून पाहावा हे बरे.

माझी भाची आजही त्याच पेढीत आहे. बॉटला आता स्वतःचे नाव मिळाले आहे आणि त्याच्या देखरेखीचे काम तिच्याकडे सोपविलेले आहे. सकाळी आल्याबरोबर ती रात्रीच्या नोंदी वाचते आणि मगच दिवसाच्या कामाला हात घालते. पेढीचे लोक तिला थट्टेने 'मुजुमदारीणबाई' म्हणतात. ती रागावत नाही. आता दिवाळीच्या सायंकाळी चोपडापूजन आटोपून पेढीला कुलूप लागण्यापूर्वी ती संगणकापाशी क्षणभर बसते, बॉटचे वेळापत्रक लाभपंचमीपर्यंत थांबविते, तशी नोंद करते, आणि मगच भाऊबीजेची गाडी पकडावयास निघते.